दोन वाकडी बोटं

इजिप्तमधल्या आमच्या दुमियातमध्ये माणसाची किंमत त्याचा हात बघून करतात. निम्मं गाव सुतार. बोट गेलेला माणूस दिसला की लोक तोंडावर हळहळतात, आणि तो वळला की म्हणतात, घाई केली असणार.

कॅप्टन सबरी खुर्च्यांच्या पायांवर कोरीवकाम करायचे आणि संध्याकाळी कारखान्यावरच्या खोलीत आम्हाला कराटे शिकवायचे. खेळ शिकवणाऱ्याला आमच्याकडे कॅप्टनच म्हणतात, मग अंगावर भुसा का असेना. त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं कायम आत वळलेली. उघड्या हाताचा वार ते तशाच बोटांनी दाखवायचे, आम्ही तसाच शिकलो. बाहेरगावचे लोक सगळी बोटं सरळ ठेवतात, हे दिसत होतं. आम्ही म्हणायचो, हा दुमियातचा हात आहे. स्पर्धेत गुण कापले जायचे, काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले. दोन्ही वेळा मी वरपर्यंत तक्रारी लिहिल्या की गरीब शाळेवर अन्याय होतोय. पुरावे जोडले, सह्या गोळा केल्या. मला कोण अडवणार होतं?

त्या वर्षी पहिल्यांदाच परीक्षक आमच्या खोलीत येणार होते. एक दिवस शिकवणार, दुसऱ्या दिवशी परीक्षा. अलेक्झांड्रियाहून सत्तरीचे कॅप्टन वगीह आले, सोबत कॅप्टन उल्फत नावाच्या बाई. आम्ही चहा आणि मशब्बकचं, म्हणजे आमच्याकडच्या जिलबीचं, ताट मांडून ठेवलं होतं. वगीहांनी त्याकडे पाहिलंही नाही. रांगेतून फिरत त्यांनी एकेकाचा हात उचलून पाहिला. आम्ही अकरा जण परीक्षेला होतो. अकराही हात सारखेच.

"हे काय? कप धरलेत का सगळ्यांनी?"

"ही आमच्या शाळेची पद्धत आहे, कॅप्टन," मी म्हणाले. "बावीस वर्षांची."

उल्फतबाई हसल्या. "तक्रारी लिहिणाऱ्या शहिनाझ त्या तुम्हीच ना? अक्षर छान आहे हो. पण अशा हातानं खरा वार केलात तर करंगळी मोडेल. मग तक्रार कोणाविरुद्ध करणार?"

माझं डोकं तापलं. मी तोंड उघडणार एवढ्यात वगीह म्हणाले, "उद्या असा हात दिसला तर एकही पास होणार नाही. सबरी, तू दाखव यांना बरोबर कसं ते."

कॅप्टन सबरी जागचे हलले नाहीत. भिंतीशी मुलांचे आईबाप बसले होते. त्यातले बरेचसे त्यांच्याच धंद्यातले.

"मला दाखवता येणार नाही," ते म्हणाले. "लग्नाच्या हंगामातली ऑर्डर होती. करवत चालू असतानाच अडकलेला तुकडा काढायला हात घातला. शीर तुटली, तेव्हापासून ही बोटं सरळ होत नाहीत. घाई केली मी."

भिंतीशी बसलेल्यांपैकी कोणी वर पाहिलं नाही.

"ही पद्धत नाही. कधीच नव्हती. पहिल्या मुलांनी माझ्यासारखी बोटं वळवली तेव्हाच त्यांना थांबवायला हवं होतं. पण मग कारण सांगावं लागलं असतं."

"आणि मी?" माझा आवाज चढला. "मी कोणासाठी भांडत होते, कॅप्टन? कागदावर कागद लिहिले, लोकांच्या दारात उभी राहिले!"

"माझ्यासाठी, पोरी. मी वाचत होतो ते कागद. वाचून गप्प बसत होतो."

 

कॅप्टन सबरी खाली कारखान्यात गेले आणि सागाच्या पातळ पट्ट्या कापून, कडा घासून घेऊन आले. प्रत्येकाच्या दोन बोटांमागे पट्टी ठेवून कापडानं बांधली. माझ्या बोटांपाशी आल्यावर गाठ त्यांना मारता येईना, वगीहांनी मारून दिली. मग दिवसभर उल्फतबाई पुढे उभं राहून वार दाखवत होत्या आणि सबरी आमच्यामागून फिरत, पाय, कंबर, खांदे नीट करत होते. हात फक्त बाई सांगतील तसा.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या सोडून परीक्षा दिली. नऊ जण पास झाले. नापास झालेल्या दोघांत मी. शेवटच्या वारापर्यंत बोटं सरळ होती, मग करंगळी आपोआप आत गेली. यावेळी मी तक्रार लिहिली नाही.

आता नवी मुलं आली की कॅप्टन त्यांना समोर बसवतात आणि आधी उजवा हात वर धरतात. "हा हात घाईत कापला. हे कोणी उचलायचं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणतात, "शहिनाझताईचाही अजून बघून शिकू नका. तिचं काम चालू आहे."

मुलं माझ्या हाताकडे बघतात. पहिल्यांदा मी तो पाठीमागे नेला होता. आता पुढे धरते, करंगळीसकट.