खोली खाली होऊन राहिली!

हसायचं नाही, आधी कबूल करा! कारण परक्या घरात शिरून मी जो पराक्रम केलाय, तो अजून आईलासुद्धा सांगितलेला नाही.

मी साताऱ्याची. वऱ्हाडातल्या अंजनगाव सुर्जीच्या एका शाळेत कंत्राटी शिक्षिका म्हणून आले. नोकरी मिळाली, पण खोली? नव्या फ्लॅटचं भाडं ऐकलं की माझा पगार लाजून मान खाली घालायचा! आणि स्वस्तातल्या खोलीवाल्यांना एकटी बाई नको. आठवडाभर शाळेतल्या एका बाईंच्या बैठकीत झोपले. आज संध्याकाळी त्यांचे पाहुणे येणार होते. म्हणजे आज खोली नाही, तर सरळ साताऱ्याची गाडी!

आणि दुपारी फोन आला! एका घरमालकीण काकूंचा.

"मॅडम, वरची खोली खाली होऊन राहिली. लवकर या, दुसरं गिऱ्हाईकही विचारून राहिलं."

भाडं? चक्क मला परवडणारं! बॅग उचलली आणि धावतच सुटले.

काकू अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. "वर जा, पाहून घ्या," म्हणाल्या. वर दार सताड उघडं. आत खाट, पंखा, गॅस, भिंतीवर आरसा. सामानासकट खोली! मला तर नाचावंसं वाटलं!

जिन्यातून ओरडले, "काकू, हे सामान कोणाचं?"

"भाऊचं! जुने भाडेकरू. ते जाऊन राहिले!"

गेले आणि तिकडेच राहिले? बिचारे! गॅसवरच्या गंजाचं झाकण उचललं, तर तुरीच्या डाळीची गरमागरम खिचडी.

"आणि खिचडी?"

"भाऊ जेवून राहिले!"

जेवून उरली, असा मी अर्थ काढला. वाया कशाला घालवायची? सकाळपासून पोटात नुसता चहा. चमचा घेतला आणि उभ्या उभ्या गंजाचा तळ गाठला.

तेवढ्यात मागच्या गच्चीचं दार उघडलं. बनियनवरचे एक गृहस्थ, कानात इअरफोन, हातात रिकामं ताट. दुसऱ्यांदा वाढून घ्यायला आले होते!

"कोन हो बाई तुमी?"

"नवी भाडेकरू. तुम्ही?"

"जुना!"

"पण तुम्ही तर जाऊन राहिलात ना?"

"हो ना, जाऊन राहिलो!"

"मग परत कशाला आलात?"

"अवो, गेलोच नाही तं परत कसा येईन?" एवढ्यात त्यांची नजर गंजात गेली. "काकू! मी खोली खाली करून राहिलो, अन् या बाईनं गंज खाली केला!"

काकू धापा टाकत वर आल्या आणि मग उलगडा झाला. इकडे 'जाऊन राहिले' म्हणजे जाताहेत आणि 'जेवून राहिले' म्हणजे अजून जेवताहेत!

भाऊंनी खाटेवर मांडी ठोकली. "मले पोटभर जेवू द्या, नाही तं मी खोलीच सोडत नाही!"

अहो, माझं धाबंच दणाणलं! पदर खोचला, डाळ-तांदूळ धुतले, वर लसणाची फोडणी दिली. भाऊ दोनदा वाढून घेऊन जेवले, "फोडनी जमली," म्हणाले, सामान टेम्पोत टाकलं आणि गेले. या वेळी खरोखर गेले.

काकूंनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "बरं मॅडम, शाळेत कोनता विषय शिकवता?"

आता मराठी, असं कोणत्या तोंडानं सांगू? ठोकून दिलं, "गणित."

"तरीच!" काकू म्हणाल्या. "मराठीच्या असत्या तं समजलं असतं."