डावीकडून तिसरा

माधवकाका फोटो हातात घेतला की आधी उलटा करायचे. पाठीवर कुणी काही लिहिलंय का, स्टुडिओचा शिक्का आहे का, कुठल्या अल्बममधून ओढून काढल्याचा डिंक लागलाय का, हे सगळं बघून झालं की मग सावकाश सुलटा करायचे. मला या सवयीचा फार राग यायचा. गिऱ्हाईक मालाकडे किती वेळ बघतं यावरून मी भाव ठरवतो, आणि हा माणूस मालाच्या पाठीकडेच बघत बसायचा. चेहऱ्यावर हाव दिसेल तर शपथ.

माझं रद्दी-भंगाराचं दुकान जुन्या जालन्यात आहे. हातगाडीपासून सुरुवात केली, कुणाची ओळख नाही, कुणाचा हात डोक्यावर नाही. काका पहिल्यांदा आले तेव्हा मी एका जुन्या सिनेमाच्या जाहिरातीचा मुद्दाम तिप्पट भाव सांगितला. घासाघीस होणार, मग मी चिडणार, मग थोडं उतरणार, असा माझा नेहमीचा हिशोब होता. त्यांनी तो कागद होता तसा गठ्ठ्यात परत ठेवला, म्हणाले, "बरोबर आहे. माल तुमचा आहे," आणि चपला घालायला लागले. मलाच हाक मारावी लागली. शेवटी तो कागद त्यांना रद्दीच्या भावात गेला. घासाघीस न करता मला हरवणारा एवढा एकच माणूस भेटला.

त्यांची सारी नोकरी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये झाली होती. उर्दू आणि मोडी दोन्ही वाचायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी गाव गोळा करायला घेतलं. शाळेचे ग्रुप फोटो, जिनिंगचे परवाने, लग्नपत्रिका, कुंडलिका नदीला पूर आला तेव्हा कुणीतरी गच्चीवरून काढलेले फोटो. घरातली एक खोली बुटांच्या खोक्यांनी भरली होती. माझ्याकडे आले की पहिला प्रश्न, हे कोणत्या घरातून आलं? आमच्या धंद्यात हे कुणी सांगत नाही. त्यांना मी सांगायला लागलो, का ते मलाही कळलं नाही.

फोटोतल्या माणसाचं नाव लिहायची त्यांची एक रीत होती. फोटो घेऊन ते त्या गल्लीतल्या जुन्या माणसाच्या घरी जायचे, एकट्याने. चारचौघांत कधी विचारायचे नाहीत, कारण चारचौघांत सगळे मोठ्या आवाजाच्या माणसासारखंच बोलतात. आधी जागा विचारायचे, मग साल, मग माणूस. मग तोच फोटो घेऊन दुसऱ्या माणसाकडे, आणि पहिल्याने काय सांगितलं ते अजिबात सांगायचं नाही. दोघांचं जुळलं तरच पाठीवर नाव. तेही पेन्सिलीने. मी एकदा टोचलं, म्हणालो, काका, एवढी खात्री असते तर पेनाने लिहा की. ते म्हणाले, "शंका असली तर पेन्सिल. खात्री असली तरी पेन्सिल."

असंच सगळं चाललं असतं, पण एका जुन्या आडतीच्या रद्दीत मला मोंढ्याचा, म्हणजे आमच्या धान्य-कापसाच्या बाजाराचा, एक फोटो सापडला. कापसाच्या गाठींसमोर सात हमाल उभे आहेत. डावीकडून तिसरा माझा बाप.

माझा बाप त्याच मोंढ्यात हमाल होता. मी सहा वर्षांचा असताना वारला. घरात त्याचा एकही फोटो नाही. आईच्या देवघरात त्याच्या नावाची सुपारी असायची. मला त्याचा चेहरा आठवत नाही, उभं राहणं आठवतं. डावा हात कंबरेवर, मान जराशी वाकडी. फोटोतला तिसरा माणूस तसाच उभा होता. आई आदल्याच वर्षी गेली होती, नाहीतर तिने एका नजरेत सांगितलं असतं.

मी तो फोटो काकांना फुकट दिला. जन्मात कुणाला काही फुकट दिलं नव्हतं. म्हणालो, मला काही नको, पाठीवर फक्त माझ्या बापाचं नाव लिहा, किसन. काकांनी फोटो उलटा केला, मग सुलटा केला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "बाबूराव, तुम्ही एक झालात. अजून एक पाहिजे."

मी ऐकणाऱ्यातला नाही. वाटूरला लिंबाजी नावाचा जुना हमाल राहत होता. पाव किलो पेढे घेऊन मोटारसायकलवर गेलो, त्याला म्हणालो, एक काका येतील, फोटो दाखवतील, तिसरा माणूस किसन आहे एवढं सांगायचं. म्हाताऱ्याने मान हलवली. आठ दिवसांनी मी काकांना लिंबाजीचा पत्ता दिला, जणू आत्ताच आठवला. काका एसटीने गेले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन स्टुलावर बसले. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "मी पिशवीची गाठ सोडत होतो. फोटो अजून बाहेर आला नव्हता. त्यांनी तेवढ्यात सांगून टाकलं, तिसरा किसन."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. माझं डोकं फिरलं. मी त्यांना नको ते बोललो. एखाद्या शेठजीने येऊन हा माझा बाप म्हटलं असतं तर तुम्ही पेनाने लिहिलं असतं, हमालाच्या पोराला मात्र साक्षीदार मागता, असं म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "शेठजींचं पण दोघांनाच विचारलंय." आणि चपला घालून गेले. या वेळी मी हाक मारली नाही.

पुढे चार वर्षं आम्ही बोललो नाही. ते रोज दुकानासमोरून जायचे, नमस्कार करायचे, मी वजनकाट्यात तोंड घालायचो. जुने कागद आले की मी सरळ कागदाच्या गिरणीला लगद्यासाठी पाठवायचो, त्यांना कळलं तर जीव जळावा म्हणून. त्या काळात त्यांनी या गोळा केलेल्या गावासाठी एक सरकारी खोली मिळावी म्हणून किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले ते मला इतरांकडून कळायचं. कुणी म्हणायचं पेन ड्राइव्हमध्ये आणून द्या, कुणी म्हणायचं नवी इमारत होऊ द्या. इकडे घरातल्या खोक्यांच्या खोलीला ओल लागली होती. एकदा ते दुकानात आले, पाणी मागितलं, प्याले. मग म्हणाले, बाबूराव, तो फोटो... मी म्हणालो, पुरे करा काका, कंटाळा आला. ते उठून गेले.

मागच्या थंडीत ते वारले. तेराव्यानंतर त्यांच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. घर विकायचं होतं, खोली रिकामी करायची होती. म्हणाली, "कपाटाच्या दारावर बाबांनी तुमचाच नंबर चिकटवलाय." मी टेम्पो घेऊन गेलो. राग मनात तसाच होता, खोटं कशाला बोलू.

मोंढ्याचं खोकं मी आधी शोधलं. फोटो सापडला, आणि त्यांच्यासारखाच आधी उलटा केला. पाठीवर बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं. डावीकडून तिसरा, सखाराम. सांगणारे दोन, एक राजूरचे, एक कुंभार पिंपळगावचे. तारीख आमच्या भांडणानंतर तीन महिन्यांची. एवढं ऐकून घेऊनही हा माणूस माझ्या बापाचा दुसरा साक्षीदार शोधत गावोगाव एसटीने फिरला होता, आणि त्याला भलताच बाप सापडला होता. खाली आणखी एक ओळ होती. "नातू मोंढ्याच्या गेटाजवळ चहा विकतो. त्याला अजून कळवलेलं नाही. आधी बाबूरावांशी बोलणे."

मी त्या खोक्यांमध्येच खाली बसलो. तुम्ही ओरडून सांगायचं होतं काका, माझी कॉलर धरून सांगायचं होतं. हा राग अजून गेलेला नाही. आणि हेही सांगतो, तेव्हा खोडरबर जवळ नव्हतं, पण पेन्सिल थुंकी लावलेल्या बोटानेही जाते. बोट तोंडापर्यंत गेलं होतं.

ती सगळी खोकी आता माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आहेत. ओल नाही तिथे. कचेरीत मीही जाऊन आलो, मलाही नवी इमारत होऊ द्या म्हणाले. बघायला कुणी येत नाही. लोकांना वाटतं म्हातारा बाबूराव भाव वाढायची वाट बघतोय.

फोटोची प्रत काढून घ्यायला मला आठ महिने लागले. गेल्या आठवड्यात ती घेऊन गेटाजवळच्या टपरीवर गेलो. चहावाला पोरगा नव्हे, चाळिशीचा माणूस. मी आधी जागा विचारली, मग साल, मग त्याच्या आज्याचं नाव. सखाराम म्हणाला. मग फोटो दिला. त्याने हात लुंगीला पुसले आणि धरला.

"आज्याचा फोटो घरात एकबी न्हाई आमच्या," तो म्हणाला. "बराबर ह्योच हाय ना शेठ? दुसरं कुणी नसंल?"

मी म्हणालो, दोन माणसांनी ओळखलाय, दोघं वेगळ्या गावचे, एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं. अगदी नक्की आहे.

स्टोव्हवरचा चहा उतू गेला तरी तो बघत होता. बाकीच्या सहा जणांवरून त्याने बोट फिरवलं. मग मान वर केली आणि विचारलं, "मंग तुमचं कुणी हाय का ह्यात?"

"न्हाई," मी म्हणालो.