गोरसी अंगणात गेली

माझं पहिलं लेकरू दिवस भरायच्या आधीच घरी जन्मलं. बिरसीजवळचं आमचं घर म्हणजे एक खोली आणि पडवी. खोलीतच चूल, खोलीतच बाळंतीण. सासूनं दार लावून खाटेखाली गोरसी ठेवली, म्हणजे निखाऱ्यांचं मातीचं भांडं. वरून ओवा आणि लसणाची सालं. आमच्याकडे बाळंतिणीला असाच शेक देतात. मुलगा श्वास ओढत राहिला आणि महिन्याच्या आत गेला. धुरानंच गेला असं मी म्हणत नाही. पण धुरानं त्याचं भलं झालं नाही, एवढं नक्की.

दुसऱ्या खेपेलाही कळा लवकरच आल्या. या वेळी मी हट्टानं गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात गेले. माहेर-सासर मिळून मी पहिली ग्रॅज्युएट, त्यामुळे थोडं ऐकावं लागायचं माझं. मुलगी काचेच्या पेटीत, नाकाला ऑक्सिजनची नळी. सासू नर्सला म्हणाली, "बाई, जरा जास्त सोडा ना."

"जास्त दिला तरी फुप्फुसं खराब होतात, अम्मा. लागतो तेवढाच देतो."

सुट्टी देताना डॉक्टरांनी आम्हा दोघींना बसवून सांगितलं : फुप्फुसं अजून कच्ची आहेत, धूर लागला तर दमा कायमचा मागे लागेल. ऊब द्यायची ती उघड्या छातीशी धरून.

घरी पोचलो तर शेजारणीनं रीत म्हणून खोलीत गोरसी पेटवून ठेवलेली. हिवाळा होता. मी दारातच थांबले.

"काऊन वं, आत नाही येत?" सासू म्हणाली.

"आधी गोरसी बाहेर काढा, आई."

"लेकरू गारठून मरंल. गावातली अर्धी पोरं मी शेकली. कॉलेजात हेच शिकवलं का तुले?"

"कॉलेजात नाही, दवाखान्यात. तुमच्यासमोरच सांगितलं."

सासू पोरीकडे पाहत राहिली. पहिल्या नातवालाही तिनंच शेकलं होतं. मग तिनं गोरसी उचलून अंगणात नेली. नवऱ्यानं चूलही अंगणाच्या पार टोकाला मांडली. धूर निघून गेल्यावर मी आत गेले.

पोरगी दिवसभर माझ्या छातीशी असायची. मी जेवायला उठले की सासू हात-पाय धुऊन, चुलीजवळ नेसलेलं धुरकट लुगडं बदलून तिला आपल्या छातीशी घ्यायची. शेजारीण डोकावली, "बाळंतिणीच्या घरी गोरसी नाही?"

"मीच गोरसी होऊन राहिली," सासू म्हणाली. "तू दार लाव, वारा येते."

हिवाळा गेला. मुलीला दम्यासाठी एकदाही भरती करावं लागलं नाही. आता ती शाळेत जाते, बांधावरून पळते, आणि तिला धाप लागत नाही.