मुका झालेला कॉम्प्युटर

अपेक्षा सावंतला नवव्या वर्षापर्यंत दिसत होतं. मग ताप आला, महिनाभर इस्पितळात काढला आणि घरी आली ती अंधारच घेऊन. पण तोवर थोरल्या बहिणीच्या वहीतून हौसेने गिरवलेली एबीसीडी बोटांत मुरली होती, ती काही गेली नाही. पुढे ती ब्रेल शिकली, बीए झाली, फोर्टमधल्या एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली आणि अजितशी लग्न करून लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आली.

अजित परळच्या एका रुग्णालयाच्या रक्त तपासणी विभागात होता. त्याची आई शेवंती मालवणकडची, चौथीपर्यंत मराठी शाळा शिकलेली. तिने सुनेला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही, पण कामाला हातही लावू दिला नाही. पोळपाट घेतला की "तू बस गो", कपडे पिळायला गेली की "तू बस गो." चार वर्षं अपेक्षा त्या घरात पाहुणीसारखी बसून होती. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. अपेक्षाने खात्याच्या परीक्षेचा अर्ज भरला होता. पास झाली तर फोनवरून उठून कारकुनाच्या टेबलावर बसायला मिळणार होतं. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, साडेतीनशे पानांचं, आणि फक्त कागदावर. अजितने एका मित्राकडून जुना कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणून दिला. पान काचेवर ठेवायचं, कॉम्प्युटर त्याची अक्षरं ओळखायचा आणि आतला आवाज ती वाचून दाखवायचा. पडद्यावर जे येईल ते हा आवाज सांगणार, म्हणजे तिचे डोळे तेच.

साठ-सत्तर पानं झाली की तो आवाज अडखळायचा, एकच शब्द ताणून ताणून म्हणायचा आणि मुका व्हायचा. बटण दाबून बंद करावा, पुन्हा चालू करावा, तर न साठवलेली पानं गेलेली. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दुकानदार न बघताच म्हणाला, "मॅडम, डबा झालाय हा, नवीन घ्या." परीक्षा अठरा दिवसांवर आली होती.

एका शनिवारी दुपारी आवाज पुन्हा गेला. अपेक्षा टेबलाच्या कडेवर डोकं टेकून बसली. मागे सुकट निवडत बसलेली शेवंती म्हणाली, "अगो, कोपऱ्यात पिवळा कायतरी उगवलाहा. त्यात लिवलेला असा."

अपेक्षा ताठ झाली. "काय लिहिलंय?"

"माका इंग्रजी वाचूक खंय येता?"

"आई, वाचू नका. नुसतं काढून दाखवा. जसं दिसतं तसं, माझ्या हातावर." अपेक्षाने कीबोर्डवरचे हात उचलले, न जाणो एखादी कळ दाबली जाऊन ते नाहीसं झालं तर! आणि तळहात पुढे केला.

शेवंती उठली, साबणाने दोनदा हात धुऊन आली. रस्ता ओलांडताना दंड धरायची तेवढं सोडलं तर तिने सुनेचा हात असा कधी धरला नव्हता. बोट खरखरीत होतं.

"दोन तिरप्यो काठ्यो, खाली जुळतत."

"व्ही."

"एक काठी, वर टिंब."

"आय."

"काठी, तिका वर आंकडो. मगे खुरीस, शेजारच्या फ्लोरीच्या गळ्यात क्रॉस असता तसो."

"आर. टी. आई, पुढे!"

वीस मिनिटं लागली. 'व्हर्च्युअल' जमला, 'मेमरी'च्या दोन डोंगरांवर शेवंती जरा घसरली, पण शेवटचं 'टू लो' तिने एका दमात काढलं. अपेक्षाने सगळं जुळवून मोठ्याने वाचलं: व्हर्च्युअल मेमरी मिनिमम टू लो. शेवंतीला अर्थ कळला नाही, पण आपण काढलेल्या रेघांचं वाक्य झालं, या नवलाने ती खुर्चीवरच बसली.

अपेक्षाने कॉनरॅडला फोन लावला. माहीमचा कॉनरॅड स्वतः अंध, आणि अंध मुलांना कॉम्प्युटर शिकवायचा. मजकूर आणि दुकानदाराचं म्हणणं ऐकून तो हसला. "दुकानदाराला सांग, डबा मशीन नाही, तू आहेस. अगं, तुझ्या मशीनची मेमरी म्हणजे ओटा समज. ओटा भरला की सामान जमिनीवर मांडतो ना आपण? तसं मशीन जादाचं काम हार्डडिस्कवर मांडतं. ती जमिनीवरची जागा कुणीतरी एवढीशी आखून ठेवलीय. ती वाढव. आणि डिस्क भरली असेल तर आधी झाडून घे."

कॉम्प्युटर पुन्हा चालू केला तसा आवाज परतला. कॉनरॅडने सांगितलेल्या कळा दाबत अपेक्षा त्या जागेपर्यंत पोचली. खरंच, आधीच्या मालकाने आकडा अगदी कमी टाकून ठेवला होता. किती जागा घ्यायची हे ठरवायचं काम तिने कॉम्प्युटरवरच सोपवलं. पण डिस्कवर जागाच उरली नव्हती. स्कॅन केलेल्या प्रत्येक पानाचा फोटो आत साठत गेला होता, नुसत्या आकड्यांच्या नावाने, आणि आवाजाला फोटो वाचता येत नव्हते.

"पुसून टाकते सगळे," अपेक्षा म्हणाली.

"न बघता? उघड बघू एकेक."

म्हणून ती उघडत गेली आणि शेवंती सांगत गेली. "कागद. पूस. कागद. पूस. ह्योव कागद." आणि मग एकदम, "थांब गो! ह्यो अजित!"

लग्नाचे फोटो होते. अजितने कधीतरी त्याच फोल्डरमध्ये टाकले होते आणि विसरला होता. अपेक्षाच्या बोटाखाली ते आत्ता पुसले गेले असते. तिला तिचं लग्न आठवत होतं ते वासाने आणि आवाजाने. ते दिसत कसं होतं, हे चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

"सांगा ना, आई."

"तुझी साडी मोरपिशी. मुंडावळी जरा तिरपी झाली हा. तू हसतंस. अजित तुझ्याकडे बघता, फोटोवाल्याकडे नाय, येडो."

"आणि तुम्ही?"

"मी तोंड फिरवून उभी रवलंय."

"रागावला होतात?"

"राग न्हय गो. भ्या वाटलला. माझ्यामागसून तुमचा दोघांचा कसा होतला, ह्या भ्या. म्हणान तुका कशाक हात लावूक दिलंय नाय. पडशीत, भाजशीत..."

अपेक्षाने चाचपत तिचा हात शोधला. डोळे दोघींचे भरले होते, पण कुणी पुसले नाहीत. थोड्या वेळाने शेवंतीच नाक ओढत म्हणाली, "चल, पुढचो उघड. कागद असात तर पूस."

दोनशेच्या वर पानांचे फोटो पुसले. लग्नाचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये गेले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आता अपेक्षा वीस-वीस पानं करायची, साठवायची आणि मग पुढे जायची. मंगळवारी साडेतीनशेवं पान झालं आणि आवाजाने ते न अडखळता वाचलं.

त्या वर्षी ती नापास झाली, अवघ्या सहा गुणांनी. पुढच्या वर्षी पास झाली. तोवर शेवंती रोज संध्याकाळी एक अक्षर याप्रमाणे सव्वीसही शिकली होती आणि भायखळ्याला जाताना बसच्या पाट्या मोठ्याने वाचून कंडक्टरला हैराण करत होती.

आता अपेक्षा त्याच कार्यालयात विभागाची वरिष्ठ सहायक आहे. घरी नवा लॅपटॉप आहे. परवा अजित कामावरून आला तेव्हा पडद्यावर आवाजाला न जुमानणारा कसलासा चौकोन उगवला होता आणि सासू-सून हमरीतुमरीवर आल्या होत्या.

"आई, नीट बघा, तो मोठा आय असेल."

"टिंब नाय म्हणजे बारको आय नाय, आणि मोठोव नाय. एल असा तो! माका शिकवतंस?"

अजितने दोघींना हाक मारून पाहिली. मग चहाचं आधण त्यानेच ठेवलं, तिघांचं.