आतून वाजणारं ताट

डाव्या हाताचा तळवा मशीनच्या दारावर सपाट ठेवलेला आणि उजवा हात आमच्याकडे वर केलेला. "गप. वाजतंय." मावशींना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं.

बारामतीत घरगुती मशीन बसवायची आणि दुरुस्त करायची असा माझा धंदा आहे. लोकांनी मशीन कसं वापरावं हे मी सांगतो आणि लोक त्यांना हवं तसंच वापरतात. ही गंमत तुम्हीही आपापल्या घरी पाहिली असेल. त्या घरातली तक्रार साधी होती. भांडी धुण्याचं मशीन मधेच थांबतं. मावशींच्या सूनबाई, ज्यांना मी वहिनी म्हणतो, शाळेत शिकवायच्या. मुलगा दुबईला. त्यानं बायकोचे कष्ट वाचावेत म्हणून मशीन घेतलं आणि भरायचं काम सासूनं आपल्याकडे घेतलं.

मी तपासलं. मशीन ठणठणीत होतं. ते थांबायचं, कारण मावशी मधेच दार उघडायच्या.

"मावशी, आत पाणी फिरत असताना उघडू नका."

"उघडीन न्हायतर काय करीन? आत कोन हाय ते बघाया नगं?"

वहिनी माझ्याकडे बघून ओशाळल्या. मी हसण्यावारी नेलं. आत वाकून पाहिलं तर एका पळीचा दांडा खालच्या जाळीतून बाहेर आला होता आणि पाणी उडवणारा फिरता पंखा त्याला लागत होता. मी त्यांना सगळं पुन्हा दाखवलं. ताटं उभी, तोंडं मधल्या बाजूला. वाट्या वर, पालथ्या. पळ्या, उलथनी आडवी. पंखा हातानं फिरवून बघायचा, कुठं अडायला नको.

मावशींनी शहाण्या पोरीसारखं ऐकून घेतलं. मग मी बोअरच्या जड पाण्यासाठी मशीनमध्ये मीठ ओतायला लागलो, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"बघा की! डाक्टरनं माझं मीठ बंद केलं, आन् ह्याला पिशवीच्या पिशवी. ह्याचं बीपी कोन बघतंय?"

चहा झाला. कप मशीनमधलाच होता, पण देण्याआधी त्यांनी तो हुंगून पाहिला. "साबनाचा वास न्हाय. घ्या."

पुढच्या खेपेला वहिनींचा आवाज फोनवरच वेगळा वाटला. "तुम्ही सांगितलं तसंच लावतोय हो. तरी वाजतं. आणि आई त्याला उत्तर देतात."

मी शनिवारी दुपारी गेलो. भांडी स्वतः लावली. पंखा फिरवून पाहिला, कुठंही अडत नव्हता. दार लावून मशीन सुरू केलं. मावशी समोर पाटावर बसल्या. पाणी आत येऊ लागलं, मग नेहमीची घरघर. बाकी काही नाही. मी वहिनींकडे पाहून मान हलवली. आणि तेवढ्यात वाजलं.

टण. थोडं थांबून, टण टण.

पंखा काही अडला तर आवाज ठेक्यात येतो, फिरेल तसा. हा तसा नव्हता. कुणीतरी हातानं वाजवावं, आणि वाजवून ऐकत थांबावं, तसा होता. मावशी दाराजवळ सरकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "आले गं. आले."

मी मशीन बंद करून दार उघडलं. वाफ तोंडावर आली. सगळी भांडी जागच्या जागी होती. एकाचा दुसऱ्याला स्पर्श नव्हता. मी नळाच्या दाबाचं कारण सांगितलं, पाइप भिंतीवर आपटत असेल म्हणालो. पाइप मी स्वतः पट्टीनं आवळून बसवला होता, हे मला माहीत होतं. तरी दुसरं काय सांगणार?

वहिनी म्हणाल्या, "घेऊन जा हे मशीन. मी हातानं घाशीन भांडी."

मावशींनी माझं मनगट धरलं. "न्हेऊ नगा. हे न्हेलं तर ती मला कुठनं बोलवंल?"

मग त्यांनी सांगितलं. वहिनींनीही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

मावशींचं माहेर भिगवणच्या पलीकडं, भीमेच्या काठाला. उजनी धरणाचं पाणी चढलं आणि गाव बुडालं. तेव्हा त्या परकरातल्या होत्या. घरात वडिलांची थोरली बहीण राहायची, जन्माची मुकी. तिला कुणाला हाक मारायची असली की ती ताटावर वाटी वाजवायची. मावशींना बोलवायची तिची खूण ठरलेली होती. एकदा, मग थांबून दोनदा.

"कौलं, वासे, सगळं गाड्यांत भरलं. माजघर तेवढं तसंच हुतं. बा म्हनला, गाडीत जागा न्हाय, आत्याला आत बसिव, कडी लाव, न्हायतर गाडीमागं पळत येईल. मागनं चुलत्याची गाडी येतीया, तो घेऊन येईल. मी कडी लावली. चुलत्याला वाटलं, आमी न्हेली. पाऊस लागला, वढा भरला, मागं कुनालाच जाता आलं न्हाय." त्यांनी मशीनच्या दारावर तळवा ठेवला. "मी गाडीत बसले तवा ती वाजवत हुती. मी वराडले, आले गं, आले."

"मग?" वहिनींनी विचारलं.

"मग काय. घरात त्यावर कुनी कवा बोललंच न्हाय."

मशीन मी नेलं नाही.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं. बुडालेल्या गावांच्या भिंती वर आल्याचं लोक सांगू लागले, तेव्हा मावशींनी मला फोन केला. मशीनबद्दल नव्हता. "तुमी भिगवनला कामाला जाता न्हवं? मला तितं सोडा."

आम्ही तिघं गेलो. मावशींनी पिशवीत एक पितळी ताट आणि वाटी घेतली होती. गाळ वाळून त्याला हातहात भेगा पडल्या होत्या. दूर पाण्यात पक्षी उभे होते, पण एकाचाही आवाज नव्हता. मावशी गुडघाभर उरलेल्या भिंतींमधून न अडखळता चालत गेल्या. आपण अंधारातही स्वयंपाकघरात जातो, तशा. एका जागी थांबल्या. उंबऱ्याचा दगड होता. चौकट नव्हती.

त्या उंबऱ्यावर बसल्या आणि त्यांनी वाजवलं. टण. टण टण.

आवाज पाण्यावरून लांब गेला. काहीच झालं नाही. मावशींनी पुन्हा वाजवलं. तेव्हा काठाशी जाळं सोडवत बसलेला एक म्हातारा हातातलं टाकून उठला आणि भराभर आमच्याकडे आला. त्याचं तोंड उतरलं होतं.

"कोन वाजवतंय ते?"

"मी, दादा," मावशी म्हणाल्या.

तो ताटाकडे बघत राहिला. "हे वाजवनं मी लहानपनी ऐकलंय. आमच्याकडं एक मुकी म्हातारी हुती, ती वाजवायची."

वहिनींनी मावशींचा खांदा घट्ट धरला.

"पानी चढलं तवा आमचा बा नाव घेऊन हिकडनं चालला हुता. ह्या गावात कोन तरी ताट बडवतंय असं त्याला ऐकू आलं. दाराला भाईरनं कडी. कमरंएवढ्या पान्यात उतरून त्यानं कडी काढली आन् तिला पलीकडं न्हेलं. गाव उठून कुठं कुठं गेलेलं. तिला बोलता येत न्हवतं. कुनाला इचारनार? ऱ्हायली आमच्यातच."

मावशींनी ताट मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "किती जगली?"

"लई वर्सं. माझं लगीन बघितलं तिनं. रोज सांजंला काठाला जाऊन बसायची, ह्या बाजूला तोंड करून. वाजवायची, थांबायची, ऐकायची. लोक येडी म्हनायचे. आई म्हनायची, येडी न्हाय, ती कुनाची तरी वाट बघतीया."

वारा पडला होता. मावशी रडल्या नाहीत. मला वाटतं, मेलेल्या माणसाचं रडणं त्यांचं कधीच रडून झालं होतं. जिवंत राहून बोलवत बसलेल्या माणसाचं कसं रडायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"ती बसायची ती जागा हाय का अजून?"

"हाय की. दगूड हाय."

"मला न्या तितं."

वहिनी त्यांच्यासोबत निघाल्या, तर मावशींनी हातानं थांबवलं. म्हाताऱ्यानं त्यांना आधार देऊन आपल्या नावेत बसवलं.

त्यानंतर मावशी फार काळ राहिल्या नाहीत. पावसाळा सरता सरता गेल्याचं वहिनींनी कळवलं. मी घरी जाऊन आलो, फोटोला हात जोडले. पण तो फोटो मला त्यांचा वाटला नाही. माझ्या डोळ्यांपुढं त्या नावेतल्याच आहेत. पाठ आमच्याकडे, पदर डोक्यावर, ताट मांडीवर. वहिनी काठावरून "आई, आई" अशा हाका मारत होत्या. मावशी पलीकडच्या काठाकडे बघत होत्या. त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.