हौदातली झाकणं

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते. नांदेडहून इंजिनिअरिंग करून उदगीरला परत आले तेव्हा दुष्काळ होता आणि उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती. कुठलंही काम अडलं की लोक म्हणायचे, "जिल्हा होऊ दे, मग बघ." गटारं, बसस्टँड, पोरांच्या नोकऱ्या, सगळं त्या न झालेल्या जिल्ह्यावर सोपवलेलं.

मला तेवढा दम नव्हता. मी लातूरच्या एमआयडीसीत गेले. तिथे जुनं प्लास्टिक वितळवून बादल्या आणि घमेली करणारा एक कारखाना होता. लातूरला तेव्हा पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं, त्यामुळे बादल्या हातोहात खपत होत्या. मालकांना सगळे आप्पा म्हणत. कपाळावर विभूती, पुढ्यात चहा.

"आप्पा, काम पाहिजे," मी म्हणाले.

"बाटल्यांची झाकणं पाहिजेत मला," आप्पा म्हणाले. "माल झकास, पण बारीक. कुणी निवडून देत न्हाई. त्यात पायपाचे तुकडे आले की साचा खराब होतो. सोमवारी एक पोतं निर्मळ झाकणं आण. आणलंस तर नोकरी. न्हाई आणलंस तर चहा पिऊन जा."

चहा मी तेव्हाच पिऊन घेतला.

उदगीरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका चाचांचं भंगाराचं आवार होतं. त्या उन्हाळ्यात गावभर पाण्याच्या बाटल्या आणि जार झाले होते. चाचांची पद्धत साधी. आलेला माल जुन्या लोखंडी पलंगाच्या जाळीवर ओतायचा. वर राहील ते विकायचं, खाली पडेल ते संध्याकाळी पेटवायचं. खाली पडायची ती झाकणं, पेनांची टोपणं, शाम्पूच्या पुड्या आणि पायपाचे तुकडे.

"ये जलाने का माल है बेटी," चाचा म्हणाले. तरी एक कोपरा आणि कोरडा हौद मला देऊन टाकला.

पुस्तकात उपाय होता. सगळं पाण्यात टाका. झाकणं तरंगतात, पायपाचे तुकडे बुडतात. पाणी कुठलं, हाही प्रश्न मी सोडवला होता. जार भरणाऱ्या प्लांटमधून बरंच खारट पाणी वाया जायचं. शनिवारी हातगाड्यावर खेपा करून ते आणलं, हौद भरला, माल ओतला. निळी, पांढरी, पिवळी झाकणं वर आली. मला इतका आनंद झाला की ती गोळा करायला झारा आणलेला नाही, हे नंतर लक्षात आलं. झारा आणायला घरी गेले.

परत आले तर हौदापासून गल्लीपर्यंत घागरींची रांग. तेव्हा आमच्याकडे रीतच पडली होती, पाणी दिसलं की आधी घागर लावायची, पाणी कुणाचं ते मागून विचारायचं. मीही नळावर तेच करायचे. बाया हाताच्या पाठीनं झाकणं बाजूला सारून घागरी बुडवत होत्या.

"अवं, ते प्लास्टिक धुतलेलं पाणी हाय."

"असू दे की. भांडीच घासायचीत, भांडी काय तक्रार करत न्हाईत," एकीनं ऐकवलं.

मी चाचांकडे बघितलं. ते हात वर करून म्हणाले, "पानी कू ना कैसा बोलूं, बेटी?"

अर्ध्या तासात हौदाच्या तळाशी झाकणं आणि तुकडे पुन्हा एकत्र, वर चिखल. प्लांटवर पळाले, तर तिथेही त्या खारट पाण्याला नंबर लागलेले. बातमी माझ्याच हातगाड्यानं फोडली होती.

आवारात माल निवडणारी एक मावशी होती. ती हे सगळं तंबाखू मळत बघत होती. "येवढं शिकून पाणी हुडकत बसलीस व्हय? ज्वारीतले खडे काय पाण्यात टाकून काढत्यात?" म्हणाली आणि सूप घेऊन आली. वाळलेला माल तिनं पाखडला, पुड्या उडाल्या. मग घोळला. झाकणं पुढे सरकत गेली, पायपाचे तुकडे तिच्या मनगटाजवळ मागे राहिले. खरं सांगते, मला आधी राग आला.

पण एका सुपानं सोमवारपर्यंत पोतं भरणार नव्हतं. मग मी माझं शिक्षण कामाला लावलं. दोन मापांच्या जाळ्या करून आधी मोठं आणि लहान वेगळं केलं, म्हणजे घोळणं सोपं. पत्र्याचं दाराएवढं सूप केलं आणि दोरानं आवारातल्या कडुलिंबाला टांगलं. उतार किती ठेवायचा ते मी गणित करून काढलं. मावशीनं एकदा हलवून बघितलं आणि म्हणाली, "म्होरं चार बोटं उचल." उचललं. रविवारी दिवस मावळायच्या आत पोतं भरलं.

सोमवारी एसटीनं पोतं लातूरला नेलं. आप्पांनी मगभर पाण्यात मूठभर झाकणं टाकली. सगळी तरंगली. मग त्यांनी कोपरापर्यंत हात घालून पोत्याच्या तळातली मूठ काढली. त्यातले दोन तुकडे बुडाले.

"दोन हायेत पायपाचे," मीच म्हणाले. "पोत्यात अजून निघतील."

"येवढे चालतात," आप्पा म्हणाले. "येवढ्या दुष्काळात माल तरंगवायला हौद कसा भरलास?"

"हौद न्हाई. सूप." मी दोन्ही हातांनी घोळून दाखवलं. आप्पा माझ्या हातांकडे बघत राहिले.

"मग इथं खुर्चीत बसून काय करशील? तिकडंच राहा, दर सोमवारी पोती धाड. पगार कारखान्यातून."

"मावशीलाबी."

"कोण मावशी?"

"जिनं शिकवलं ती."

आप्पांनी मुनीमजींना हाक मारून पगाराच्या वहीत दोन माणसं लिहायला सांगितली.

घरी आले तर आई उंबऱ्याशी ज्वारी निवडत होती.

"लागली का नोकरी?"

"लागली."

"काय काम हाय?"

"पाखडायचं."

आईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सूप माझ्याकडे सरकवलं. "मग ही ज्वारी घे. हात तरी बसंल."

पहिल्याच झटक्याला पसाभर ज्वारी अंगणात गेली.