कोटवाराचा आवाज

एक होता कोटवार, एक होती त्याची बायको भागीरथी, अन् एक होती त्यायची पोरगी सुमन. कोटवाराचं नाव मी घेत नाही, काहून का भागीरथी म्हणजे मीच. घरात आजारपण आलं का दुःख येतेच, पण त्याच्या मागं किस्सेही येतात. दुःख थोडं थोडं विसरलं. किस्से मात्र जमा होऊन राह्यले.

लांजीजवळच्या आमच्या गावात मुनादी, म्हणजे दवंडी, द्यायचं काम माझ्या मालकाचं, म्हणजे यायचं. यायनं हाक देल्ली का बांधीत धान रोवणाऱ्या बाया कंबर सरळ करून ऐकत. त्याच मानसाले रोवण्याच्या दिवसांत लकवा मारला. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. बसनं बालाघाटच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणे, "दिल भी कमज़ोर है, बाई. चलना शायद आ जाए. बोलने का कुछ कह नहीं सकते."

आवाजाबिगर कोटवार कसा?

*

लकव्यावर कबुतर, हे आमच्या इकडं सारेच सांगतात. माझा भाऊ थैलीत जित्तं कबुतर घेऊन वार्डात आला. म्हणे, "अक्का, याच्या रक्तानं मालिश कर." थैली उघडली तं कबुतर उडून छताजवळच्या रोशनदानात जाऊन बसलं. नर्सबाई भडकली, "ये वार्ड है कि चिड़ियाघर?"

भाऊ कबुतर पकडाले स्टुलावर चढला, तेवढ्यात डॉक्टर आले. पाह्यलं तं हे मान वळवून कबुतराकडं पाहून राह्यले होते. आल्यापासून यायची मान एकाच बाजूले पडलेली.

डॉक्टर भावाले म्हणे, "उतरो भैया. कबूतर अभी भर्ती रहेगा."

*

घरी आणलं तं भेटीवाल्या बाया सुरू झाल्या. शेजारची एक मावशी खाटेजवळ बसून लकव्यानं कोण कोण मेलं, ते मोजून सांगे. पाहुणा निघाला का त्याले सुपारी द्यायची, अशी आमची रीत. एक दिवस मावशी येऊन टेकली, पदर डोळ्याले लावला, तसा यायनं डाव्या हातानं सुपारीचा डबा तिच्यापुढं सरकवला.

मावशी म्हणे, "अजून तं मी आलीच."

यायनं डबा आणखी पुढं सरकवला.

*

डॉक्टरनं रोज चालवाले सांगतलं होतं. मी यायले धरून गल्लीत निघाली तं समोरून भासरे आले, म्हणजे यायचे मोठे भाऊ. भासऱ्यासमोर डोक्यावर पदर नाही, असं आमच्यात चालत नाही. माझा हात आपोआप पदराकडं गेला, अन् हे तिरपे झाले. भासऱ्यानं धावून झेललं.

मी लाजेनं मेली. पण दुसऱ्या दिवशी पाह्यलं तं भासरे आम्ही दिसल्याबरोबर खोकलले अन् भिताडाकडं तोंड करून उभे राह्यले. म्हणे, "सूनबाई, मी भिताड पाहून राह्यलो. तू त्याले सोडू नको."

मग सारा हिवाळा त्यायनं ते भिताड पाह्यलं.

*

चालणं आलं, पण बोलणं काही आलं नाही. ओठ हालत, घशातून नुसती हवा. सुमन मले आडोशाले म्हणे, "माय, आता आस सोड."

तेव्हा लामत्याहून आमचे जवाई, सुमनचे मालक, आले. स्वभावानं मोठे गरीब. आल्यापासून मामाजीची, म्हणजे सासऱ्याची, सेवा करू पाहत. म्हणे, "मामाजीची खाट उन्हात घेऊ." हे भिताडाले धरून बाजूले उभे होते. जवायानं खाट उचलली, सरकवली अन् ठेवली ते नेमकी यायच्या उजव्या पायावर.

"हरामखोरा, पाय!"

छपराच्या कबेलूवरचे कावळे उडाले. जवायाले आम्ही कधी अरे-तुरे केलं नव्हतं. सुमनच्या हातचा गिलास पडला. जवायानं चपलाही घातल्या नाही, तसेच बाहेर निघून गेले. सुमन रडत मागं धावली, "अहो, ते बिमार आहेत, मनावर घेऊ नका."

मी दारात आली. जवाई हाटेलातून जिलबीचा पुडा घेऊन घरोघरी वाटत फिरत होते, डोळे पुशीत.

"तोंड गोड करा. मामाजीनं मले शिवी देल्ली."